डॉ. द्वारकानाथ कोटणीस : सेवा, साम्यवाद आणि स्मरणातील मौन

प्रस्तावना : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०-१९४२) मराठी समाजाला परिचित आहेत ते प्रामुख्याने व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. सेवा, त्याग आणि प्रेमकथा यांवर त्याचा भर आहे. या सेवाव्रतीने साम्यवाद का स्वीकारला, हा प्रश्न मात्र झाकोळला जातो.

विवेचन : १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस गेले, ते जपानी आक्रमणातील जखमींच्या शुश्रूषेसाठी; क्रांतीसाठी नव्हे. १९३९ मध्ये ते साम्यवादी आठव्या सेनेत दाखल झाले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९४२ मध्ये त्यांनी पक्षाचे सदस्यत्व घेतले. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी रुग्णसेवा, मग पक्ष. म्हणूनच त्यांचा साम्यवाद हा अनुभवातून आलेला निष्कर्ष मानणे सयुक्तिक ठरते.

तथापि या अनुभवाची मर्यादाही लक्षात घेणे अगत्याचे आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. पक्ष सत्तेवर आला १९४९ मध्ये. त्यांनी पाहिला तो आक्रमकाशी झुंजणारा पक्ष. १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’नंतर कोट्यवधींचा बळी घेणारा दुष्काळ त्यांनी पाहिला नाही.

निष्कर्ष : कोटणीसांच्या निष्ठेच्या आधारे पुढील राजवटीचे समर्थन करणे जितके अप्रस्तुत, तितकेच ती निष्ठा वगळून केवळ ‘सेवामूर्ती’ उभी करणेही अपुरे. दोन्ही मार्गांनी त्यांचा विचार हरवतो.