शिफ्टची कळ आणि एका हाताचे मराठी : संगणकातील सुलभता-सुविधांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणक हे अपंग व्यक्तींना स्वावलंबी करणारे साधन आहे, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात हे विधान कळफलक व माउस यांच्या सुलभता-सुविधांपुरते आणि तेही मराठी लिहिणाऱ्याच्या बाजूने तपासले आहे. या सुविधा ज्या भाषेत जन्मल्या त्या भाषेच्या लिपीची गृहीतके त्यांनी सोबत आणली. त्यामुळे मराठीत त्यांचे मोल इंग्रजीहून वेगळे आणि बऱ्याच अंशी अधिक आहे, ही गोष्ट मात्र आपल्या संगणक-शिक्षणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस संशोधन केंद्राने विंडोजसाठी अशा सुविधांचा एक जोडसंच आधी तयार केला होता. १९९५ साली विंडोज ९५ मध्ये त्या मूळ प्रणालीतच समाविष्ट झाल्या. आपल्या संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा संमत केला तोही १९९५ सालीच, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढे विंडोजमध्ये या दालनाची पाटी बदलत गेली. एक्सपीमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑप्शन्स’, व्हिस्टामध्ये ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’ आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये पुन्हा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. आतल्या प्रमुख सुविधा मात्र त्याच राहिल्या : स्टिकी कीज, फिल्टर कीज, टॉगल कीज आणि माउस कीज.

शिफ्टचे ओझे

स्टिकी कीज या सुविधेचे कार्य साधे आहे. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांसारखी कळ दुसऱ्या कळीबरोबर एकाच वेळी दाबून धरावी लागते. ही सुविधा सुरू असता ती आधी दाबून सोडून दिली तरी चालते आणि पुढची कळ तिच्या जोडीने दाबली असे संगणक मानतो. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबल्यास ती अडकून राहते, तिसऱ्यांदा दाबल्यास सुटते. शिफ्ट पाच वेळा दाबली की सुविधा सुरू करायची का, असा प्रश्न पडद्यावर उमटतो. हा प्रश्न बहुतेकांना ठाऊक असतो तो खेळ खेळताना मध्येच आलेला व्यत्यय म्हणून.

इंग्रजी लिहिणाऱ्याला शिफ्ट लागते ती मुख्यतः मोठ्या अक्षरासाठी, म्हणजे वाक्याच्या आरंभी, विशेषनामाला आणि काही चिन्हांना. या सुविधेची वर्णने वाचली तर त्यांतील उदाहरणेही बहुधा कंट्रोल-आल्ट-डिलीट यांसारख्या आज्ञांची असतात. शिफ्ट ही अधूनमधून लागणारी कळ आहे, असे त्यामागील गृहीतक आहे. मराठीत मोठे अक्षर नाही. म्हणून मराठीला शिफ्ट कमी लागत असेल असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात मात्रा व हलन्त साध्या कळीवर आहेत, तर अ पासून औ पर्यंतचे स्वतंत्र स्वर त्याच कळींवर शिफ्टसह आहेत. क साध्या कळीवर, ख शिफ्टसह. ग-घ, त-थ, प-फ, ब-भ यांची व्यवस्था तशीच. ण, ळ, श, ष हेही शिफ्टसहच येतात. ही रचना वर्णमालेच्या तर्काला धरून आहे आणि दोन हात असणाऱ्यास ती लवकर आत्मसात होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिचा परिणाम असा की मराठीतील अत्यंत वारंवार येणाऱ्या ‘आहे’ या शब्दाचा आरंभच शिफ्टने होतो आणि ‘आणि’ या शब्दाच्या तीन आघातांपैकी दोन शिफ्टसह करावे लागतात. ळ आणि ण यांचा मराठीतील राबता हिंदीपेक्षा अधिक, त्यामुळे हे ओझे मराठीत आणखी वाढते.

आपल्याच परिसरातील उदाहरण घ्यावे. आटपाडी तालुक्यातील शेटफळे हे ग. दि. माडगूळकरांचे जन्मगाव. ‘आटपाडी’ लिहिताना शिफ्ट एकदाच लागते. ‘शेटफळे’ लिहिताना मात्र सहा आघातांपैकी श, फ आणि ळ हे तीन शिफ्टसह येतात. एकच हात काम देत असलेल्या व्यक्तीला कोपऱ्यातील शिफ्ट दाबून धरून कळफलकाच्या मध्यावरील कळ गाठायची तर पंजा ताणावा लागतो. बोटे कमी असतील तर तेही शक्य होत नाही. म्हणजे स्टिकी कीज ही इंग्रजीत सोय असेल, पण इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्या अशा व्यक्तीच्या बाबतीत ती लेखनाची पूर्वअट ठरते. उच्चारानुसारी पद्धतीने रोमन लिपीत टंकून मराठी मिळवण्याचा मार्ग आहे. तथापि ज्याला मराठी येते त्याने ती इंग्रजीच्या दाराने लिहावी, ही तडजोड अपंग व्यक्तीवरच का लादावी, हा प्रश्न उरतो.

या सर्व विवेचनाला एक अपवाद आहे आणि तो मनोरंजक आहे. फिल्टर कीजमधील ‘बाउन्स कीज’ ही सुविधा, हात थरथरत असल्यास चुकून दोनदा दाबली गेलेली कळ एकदाच धरते. इंग्रजीत तिचा त्रास होतो, कारण त्या भाषेत जोडअक्षर लागोपाठ येणारे शब्द विपुल आहेत आणि तेथे दुसऱ्या आघातापूर्वी थांबावे लागते. मराठीत ‘पत्ता’ लिहिताना दोन ‘त’ च्या मध्ये हलन्ताची कळ येते. एकच कळ लागोपाठ दाबण्याचा प्रसंग ‘ससा’, ‘ननंद’, ‘ममता’ अशा मोजक्या शब्दांत येतो. म्हणजे कंपवाताच्या रुग्णास ही सुविधा इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक निर्धोकपणे वापरता येते. मराठीतील संगणक-परिचयाच्या जी पुस्तके प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली त्यांपैकी एकातही याची नोंद नाही. ती पुस्तके इंग्रजी मदत-मजकुराचा अनुवाद करतात, मराठी लिहून पाहत नाहीत.

माउस कीजविषयी थोडक्यात सांगता येईल. अंकांच्या स्वतंत्र गटातील ८, २, ४, ६ या कळींनी दर्शक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकतो, ५ ने क्लिक होते, शून्याने वस्तू धरली जाते व बिंदूने सोडली जाते. सुविधा उत्तम आहे; पण अनेक लहान लॅपटॉपवर अंकांचा स्वतंत्र गटच नसतो, तेथे ती नावापुरती उरते. शासकीय वा शैक्षणिक खरेदीच्या वेळी साठवणक्षमता पाहिली जाते, तशी ही बाबही पाहिली जावी.

तालुक्याच्या गावातील संगणक

हा प्रश्न कोणाचा आहे? माणदेश हा पशुपालनाचा प्रदेश आहे. कडबाकुट्टी यंत्रात बोटे वा हात गमावण्याचे अपघात ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. अशा तरुणाला शेतीतील अंगमेहनत कठीण होते तेव्हा घरचे लोक त्याला ‘कॉम्प्युटर शिक’ असे सांगतात. तहसील कचेरीच्या परिसरातील अर्ज टंकून देणारी दुकाने, सेवा केंद्रे, पतसंस्था यांतील काम त्याच्या आवाक्यातील मानले जाते. ते सर्व काम मराठीत असते.

या वाटेवर टंकलेखनाची परीक्षा येते. मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्द ही तिची परिचित मोजपट्टी आहे. वेग मोजणारी परीक्षा उमटलेला मजकूर पाहते. स्टिकी कीज वापरणाऱ्याच्या बाबतीत शिफ्ट हा स्वतंत्र आघात होतो, म्हणून ‘शेटफळे’ या शब्दासाठी त्याला एकामागून एक नऊ आघात करावे लागतात. इतरांइतकाच मजकूर तो अधिक आघातांनी आणि निम्म्या हातांनी उमटवतो. अशा उमेदवारास टंकलेखनातून सूट द्यावी, असे सहानुभूतीने सुचवले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते सूट ही येथे गैरसोयीची आहे, कारण दुकानात वा कचेरीत त्याला टंकायचेच आहे. त्याला हवा आहे तो अधिक वेळ आणि सुविधा सुरू असलेला संगणक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ‘वाजवी सोय’ या संकल्पनेचा अर्थ हाच आहे. लेखनाच्या अडचणीपोटी लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराच्या बाजूने निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात या संकल्पनेचे विस्तृत विवेचन केले आहे.

शेवटची अडचण तांत्रिक वाटते, पण ती सामाजिक आहे. या सुविधांची कल्पना ‘एक माणूस, एक संगणक’ अशी आहे. आपल्याकडील प्रयोगशाळेत एका यंत्रावर दिवसभरात अनेक विद्यार्थी एकाच खात्यातून बसतात. दोन कळा एकदम दाबल्या गेल्यास स्टिकी कीज बंद व्हावी, असा एक पर्याय तिच्यात असतो. तो निवडलेला असल्यास पुढच्या तुकडीतील दोन हातांच्या विद्यार्थ्याने ‘ख’ लिहिताच सुविधा नाहीशी होते. एक्सपीमध्ये तर यंत्र पाच मिनिटे निष्क्रिय राहिल्यास या सुविधा आपोआप बंद करण्याचीही तरतूद होती. अशा वेळी एका हाताच्या विद्यार्थ्याला प्रत्येक तासाला आरंभापासून मांडणी करावी लागते आणि ती सर्वांसमक्ष करावी लागते. शिफ्टच्या पाच आघातांनंतर होणारा आवाज ऐकून शेजारचे वळून पाहतात. अशा विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता-खाते उघडण्यास काही मिनिटे पुरतात, एका रुपयाचाही खर्च येत नाही, आणि त्या खात्यातील मांडणी त्याच्या पुढच्या तासापर्यंत जशीच्या तशी राहते.