चौऱ्याऐंशी काड्यांची छत्री

कथेत छत्री आली की ती बहुधा पावसापुरतीच येते. सर ओसरली की लेखक तिला विसरतो, आपण जशी ती दुकानाच्या कोपऱ्यात विसरून येतो तशी. पण श्वेतनागिणीची चिनी लोककथा फंग मंगलोंग या मिंगकालीन कथाकाराने १६२४ साली आपल्या संग्रहात सांगितली, तेव्हा छत्रीपाशी तो चांगला थबकला. हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी पाऊस लागला आहे. पितरांचे कार्य आटोपून परतणारा शू श्वान हा साधासुधा तरुण ओळखीच्या एका औषधांच्या दुकानातून छत्री मागून घेतो. देणारा माणूस ती नुसती हातात ठेवत नाही. अमक्या पुलाजवळच्या नामांकित घराण्याने ती केली आहे, काड्या चौऱ्याऐंशी आहेत, दांडा जांभळ्या बांबूचा आहे, कुठे एवढीशी फाट नाही, तेव्हा जपून वापर, असे बजावून देतो. थोड्याच वेळात एका वळचणीखाली पांढऱ्या वस्त्रांतली एक स्त्री उभी दिसते, आणि इतक्या जपणुकीची ती छत्री शू श्वान क्षणात तिच्या हवाली करतो.

या चौऱ्याऐंशी काड्या आपण जरा बोटांनी चाळून पाहू. आपल्या कानांना हा आकडा परका नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बौद्ध परंपरेत धर्मस्कंध चौऱ्याऐंशी हजार, आणि सम्राट अशोकाने उभारलेले स्तूपही आख्यायिकेनुसार तेवढेच. फंगने हे मनात धरून काड्या मोजल्या, असे म्हणायचे कारण नाही. चांगल्या छत्रीचे वर्णन एवढाच त्याचा हेतू असेल. पण लोककथेचे कापड असे असते की विणणाऱ्याला ठाऊक नसलेला एखादा धागाही उन्हात धरल्यावर चमकून जातो.

पुढची मौज पाहा. दुसऱ्या दिवशी शू श्वान छत्री मागायला जातो, तर ती स्त्री सांगते, छत्री पाहुण्यांनी नेली, उद्या या. उसनी छत्री परत न मिळण्याचा अनुभव जगात सर्वांनाच असतो, पण इथे त्या न मिळण्यात केवढे आर्जव आहे! हजार वर्षे तप केलेली नागीण, जिच्या हाती नाना विद्या, तिलाही प्रिय माणसाला पुन्हा उंबऱ्यापर्यंत आणायला एवढेच निमित्त सापडते. इथून लग्न, चोरीचा आळ, हद्दपारी आणि संशय अशी कथा वळणे घेत जाते, आणि अखेरीस फाहाय नावाचा भिक्षू शू श्वानच्या हाती एक भिक्षापात्र देतो.

हे पात्र कथेतले दुसरे छत्र. फंगच्या कथेत भिक्षू ते स्वतः झाकत नाही. पती हळूच मागून येतो आणि पत्नीच्या मस्तकावर ते दाबून धरतो. ज्या हातांनी पावसात छत्री पुढे केली, तेच हे हात. पात्राखाली ती लहान लहान होत जाते. फाहाय जाब विचारतो तेव्हा ती मोहाची कबुली देते, आपण कुणाचा जीव घेतला नाही हे सांगते, आणि स्वतःसाठी दया मागून झाल्यावर आपल्या सखीसाठीही रदबदली करते. शेवटी हातभर लांबीची पांढरी नागीण तेवढी उरते, आणि तीही मान उंचावून शू श्वानकडेच पाहत राहते. कथेचा उघड बोध असा की रूप फसवे आहे, तृष्णेच्या पोटी दुःख आहे, म्हणून सावध व्हा. शू श्वान सावध होतो, भिक्षा मागून तिच्यावर सात मजल्यांचा मनोरा बांधतो आणि प्रव्रज्या घेतो. हा बोध खोटा नाही. पण ती उंचावलेली मान लेखकाने पुसली नाही, आणि पुढच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांची रूपांतरे त्या एका मानेतून उगवली.

मनोरा हे तिसरे छत्र. इथे आपण थोडे दूर उभे राहून आकार न्याहाळू. चिनी यात्रेकरू श्वेन त्सांगने आपल्या प्रवासवृत्तात एक गोड आख्यायिका नोंदवली आहे. तपुस्स आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी विचारले, स्तूप कसा बांधायचा? तेव्हा बुद्धांनी आपले चीवर चौकोनी घडी करून खाली ठेवले, त्यावर भिक्षापात्र पालथे घातले आणि वर दंड उभा केला. झाला स्तूप! कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण मान वर करून पाहिले की स्तूपाचे पालथ्या पात्रासारखे अंड आणि त्यावर दोन हजार वर्षे तगून राहिलेले लाकडी छत्र दिसते. पात्र आणि छत्र मिळूनच स्तूप होतो. चीनमध्ये पोचल्यावर तो उंच, मजल्यामजल्यांचा झाला, तरी कूळ तेच. म्हणजे श्वेतनागिणीच्या कथेत छत्री, पात्र आणि मनोरा अशी तीन वेगळी आच्छादने नाहीतच, एकच आच्छादन तीनदा येते. पहिल्यांदा ते डोक्यावर धरले जाते, नंतर दोनदा दाबले जाते. धरणे आणि दाबणे यांच्यामधल्या तेवढ्या अंतरात ही सगळी कथा मावते.

आणि नागांना बौद्ध वाङ्मयाने कसे वागवले, हे आठवले की त्या अंतराची खोली कळते. विनयपिटकात एक नाग मनुष्यरूप घेऊन भिक्षू होतो. झोपेत त्याचे रूप सुटते, खोलीभर वेटोळी पसरतात, आणि सोबतचा भिक्षू किंचाळतो. श्वेतनागिणीच्या पुढच्या रूपांतरांतला प्रसिद्ध प्रसंग याच्या किती जवळचा! ड्रॅगन बोटींच्या सणाला मनशीळ घातलेली दारू पतीच्या आग्रहाखातर ती पिते, पलंगावर रूप सुटते, आणि पडदा सारणारा नवरा भीतीने गतप्राण होतो. मग त्याला जिवंत करणारी वनौषधी आणायला तीच जिवावर उदार होऊन पर्वतावर जाते. विनयातल्या त्या नागाला बुद्धांनी संघात राहू दिले नाही, हे खरे. पण त्याच्यावर पात्रही पालथे घातले नाही. उपोसथ पाळ, त्याने तुला लवकर मनुष्यजन्म मिळेल, अशी वाट दाखवून पाठवले. आणि मुचलिंद? संबोधीनंतर सात दिवस झड लागली, तेव्हा त्या नागराजाने बुद्धांना वेटोळ्यांत घेऊन वर फणा धरला. नाग स्वतःच छत्री झाला!

हे मर्म चित्रपटकार त्सुई हार्कला नेमके सापडले असावे. लिलियन ली यांच्या कादंबरीवरून केलेल्या १९९३ सालच्या त्याच्या ‘ग्रीन स्नेक’मध्ये आरंभीच बांबूच्या बनात, पावसात, एक स्त्री प्रसूत होते आहे आणि वरून दोन नागिणी आपल्या देहांनी तिच्यावर आडोसा धरून आहेत. फाहाय हे पाहतो, आणि त्या वेळी त्यांना सोडून देतो. पुढच्या साऱ्या संघर्षावर त्या आडोशाची सावली पडून राहते. त्याच्या कितीतरी आधी, १७७१ साली फांग छंगपेइने या कथेवर नाटक रचले, तोवर श्वेतनागीण कुमार्गी मायाविनी उरली नव्हती. ती पत्नी आणि आता आईही झाली होती. तिचा मुलगा परीक्षेत पहिला येऊन मनोऱ्यापुढे मातेला वंदन करतो. विसाव्या शतकात त्यान हानच्या पेकिंग ऑपेरात सखी शाओछिंग परतून येते आणि मनोराच उद्ध्वस्त करते. प्रत्येक पिढी त्या उंचावलेल्या मानेला आपापले उत्तर देत गेली.

मनोऱ्याने मात्र स्वतःचे उत्तर स्वतःच दिले. २५ सप्टेंबर १९२४ रोजी पश्चिम सरोवराकाठचा हा लेइफंग मनोरा खरोखरच कोसळला. त्याची वीट घरात असली की भले होते, या श्रद्धेने लोक वर्षानुवर्षे विटा काढून नेत होते. ज्या मनोऱ्याने एका संसाराला दाबले म्हणतात, तो साध्यासुध्या संसारांच्या मंगलकामनेने वीट वीट करून पोखरला गेला! लहानपणी आजीकडून श्वेतनागिणीची गोष्ट ऐकलेल्या लेखक लू शुनने या कोसळण्यावर मिस्कील, आनंदी लेख लिहिला. त्यात खेकड्याची लोककथाही आहे. देवांच्या राजाचा कोप चुकवायला फाहाय खेकड्याच्या कवचात दडला आणि अजून तिथेच बसून आहे. झाकणाराच अखेर झाकला गेला. लोककथेचा न्याय असा हसतखेळत होतो.

पण त्या मनोऱ्यात खरोखर काय होते? तो बांधला वूयुए राज्याच्या छ्यान चू या राजाने, दहाव्या शतकात. कोसळलेल्या विटांच्या पोकळीतून एका धारणीसूत्राच्या छापील गुंडाळ्या निघाल्या. त्यांवर राजाची नोंद होती, की इसवी सन ९७५ मध्ये या सूत्राच्या चौऱ्याऐंशी हजार प्रती आपण या मनोऱ्याला अर्पण केल्या. आणि २००१ साली पायाखालचे तळघर उघडले, तेव्हा लोखंडी पेटीत सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा लहानसा स्तूप मिळाला. अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घडणीचा. त्याच्या चार बाजूंवर जातककथा कोरलेल्या आहेत. भुकेल्या वाघिणीला देह देणारा राजपुत्र, मस्तक देणारा राजा, डोळे देणारा राजा, आणि कबुतरासाठी मांस तोडून देणारा आपल्या ओळखीचा शिबी.

आता आपण पुन्हा त्या वळचणीखाली जाऊ. शतकानुशतके लोक समजत होते की मनोऱ्याच्या तळाशी एक नागीण आहे, जिने नवऱ्यासाठी आपला जीव पणाला लावला. प्रत्यक्षात तळाशी होत्या दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःचा देह देणाऱ्यांच्या कथा. लोकांचा अंदाज फारसा चुकला नव्हता, एवढेच म्हणू. आणि ती छत्री? ती शू श्वानला परत मिळाली, पण चौऱ्याऐंशी काड्यांची ती उसनवारी कथेने अजून फेडलेली नाही.