ससा वाचावा असं वाटतं तेव्हा

थरारपटाची सुरुवात कशी असावी, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, जोरात असावी. खून पडावा, गाडी उडावी, पार्श्वसंगीतानं कान किट्ट व्हावेत. माझं मत थोडं उलट आहे. मोठा आवाज दचकवतो, पण दचकणं म्हणजे ताण नव्हे. दचकलेला माणूस दोन क्षणांत सावरून पुन्हा शेंगदाणे खायला लागतो. ताण म्हणजे हातातला शेंगदाणा तोंडापर्यंत न जाणं.

हिचकॉकनं हा फरक फार सोप्या उदाहरणानं सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला तो माहीत नाही, तर स्फोट होताना पंधरा सेकंदांचं आश्चर्य मिळतं. पण बॉम्ब प्रेक्षकाला आधीच दाखवला आणि टेबलावरची माणसं मजेत गप्पा मारत बसली, तर त्याच साध्या गप्पांची पंधरा मिनिटं घालमेल होते. ऑर्सन वेल्सनं 'टच ऑफ इव्हिल' (1958) याच तत्त्वावर सुरू केला. पहिल्या काही सेकंदांतच गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो. मग तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा एकदाही न तोडता त्या गाडीच्या मागे-पुढे फिरतो. माणसं रस्ता ओलांडतात, सीमेवरचा शिपाई चौकशी करतो, सगळं कसं नेहमीसारखं. फक्त आपल्याला माहीत असतं. सीमेवरच्या गावात चौकशीला थांबणं ही किती रोजची गोष्ट, आणि तिथंच जीव टांगणीला लागतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 2018 चा ऑक्टोबर आठवावा. पाच तारखेला श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' आला आणि बारा तारखेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड'. दोन्ही हिंदी, पण एक पुण्यात घडणारा आणि दुसरा जुन्या मराठी मुलखात, वाड्यात, पावसात. आठवड्याच्या अंतरानं आलेल्या या दोन सिनेमांच्या सुरुवाती एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत.

'तुंबाड' हिचकॉकच्या वाटेनं जातो. तो आधीच सगळं सांगून टाकतो: समृद्धीची देवी, तिचा हावरा पहिला मुलगा हस्तर, सोनं आणि धान्य दोन्हींवरची त्याची हाव, त्याला मिळालेला शाप. आजीच्या गोष्टीसारखंच. पण एकदा ती गोष्ट कानांत बसली की वाड्यातला प्रत्येक बंद दरवाजा जड वाटायला लागतो. 1918 सालचा तो पाऊस नुसता पाऊस राहत नाही. बॉम्ब टेबलाखाली ठेवून झालेला असतो.

'अंधाधुन' काय करतो? तो बॉम्ब दाखवतो, आणि त्याच वेळी आपलं लक्ष दुसरीकडे वळवतो. त्या पहिल्या प्रसंगावरच मला लिहायचं आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी इथं थांबावं, आधी बघून यावं. शेवट सांगितल्याशिवाय या सुरुवातीबद्दल बोलताच येत नाही.

पडद्यावर यकृताबद्दल एक खट्याळ वाक्य येतं आणि मग दिसतं कोबीचं शेत. त्यात एक ससा. एक बंदूकवाला माणूस त्याच्या मागावर. अळणावरच्या आसपास, रानाला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांना जनावरांपासून पीक राखण्याचं नवल वाटणार नाही. म्हणूनच प्रसंग ओळखीचा वाटतो आणि आपण सैल होऊन बसतो. एकदा माणूस, एकदा ससा, पुन्हा माणूस, पुन्हा ससा, अशी जोडणी चालू राहते. संकलन पूजा लढा सुरती यांचं. त्या पटकथेतही आहेत. हा आलटून पालटून दाखवण्याचा प्रकार सिनेमाइतकाच जुना. पण त्याचं काम बघा. दोन तुकड्यांमधलं अंतर आपलं मन मोजायला लागतं: आता किती लांब आहे, आता नेम लागेल का? कुणी सांगितलेलं नसताना आपण सशाच्या बाजूचे होऊन जातो.

मग सशाचा डोळा दिसतो. एक डोळा पांढरा, आंधळा. झालं, आपण पुरते विरघळलो. या एका चित्रानं दिग्दर्शक दोन कामं करून घेतो. एक उघड: दया. दुसरं लपलेलं: एका बाजूनं न दिसणारा जीव हाच पुढच्या सगळ्या सिनेमाचा विषय आहे, हे तो सांगून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

बंदूक उडते. आणि पडदा काळा होतो. त्या काळोखात एक गाडी रस्त्यावरून घसरत जाते, म्हणजे आपण ती फक्त ऐकतो. चित्र काही नाही.

आमचं गाव रेल्वे जंक्शनचं. लोंढ्याकडची गाडी असो की दांडेलीकडची, ती दिसायच्या आधी ऐकू येते, आणि ऐकलेल्या आवाजाला लगेच रूप देण्याची मनाला सवयच असते. डोळे मिटलेलं माणूसही सांगतं, मालगाडी दिसते की. 'अंधाधुन'च्या काळ्या पडद्यावर मात्र मन हे काम करत नाही. का? कारण त्याला सशाचं पडलेलं असतं. ससा मेला की वाचला? गाडी कोणाची, आत कोण होतं, हे प्रश्न कुणालाच पडत नाहीत. पुढे आयुष्मान खुराना पियानो वाजवत येतो आणि आपण ते घसरणं विसरूनही जातो. म्हणजे बॉम्ब ऐकवला होता, फक्त आपणच ऐकला नाही.

हा सिनेमा ज्या फ्रेंच लघुपटावरून सुचला, त्या ओलिव्हिए ट्रेनर यांच्या 'लाकोर्दर' (2010) शी तुलना केली की राघवन यांचं काम स्पष्ट होतं. तो लघुपट राघवन यांना सुचवला आपल्या कर्नाटकातल्या हेमंत राव यांनी. 'गोधी बण्ण साधारण मैकट्टु' हा कन्नड सिनेमा करणारे तेच. पटकथेतही त्यांचं नाव आहे. लघुपटाची सुरुवात थेट संकटातून होते. अर्ध्या कपड्यांतला तरुण पियानोसमोर बसलाय, पुढे म्हातारा माणूस, आणि मागे कुणीतरी उभं. मग गोष्ट मागे जाते. ताण पहिल्या चित्रापासून, आणि त्याचं कारण नंतर. अवघ्या काही मिनिटांच्या गोष्टीला तेच शोभतं. पण दोन तासांहून मोठ्या सिनेमाला एवढा ताण धरून ठेवता येत नाही, तुटतो. म्हणून राघवन यांनी ताण पेरला. दाखवला नाही, जमिनीत टाकला.

काही जणांचा आक्षेप असतो, शेवटी ससा येऊन गाडीवर आदळतो हा निव्वळ योगायोग, लेखकाला सुटका सापडली नाही म्हणून केलेली चलाखी. मला हा आक्षेप पटत नाही. शेवटी अचानक आणलेला योगायोग ही चोरी असते, खरं. पण इथं तो पहिल्या पाच मिनिटांतच आपल्यासमोर ठेवला होता. दुकानदारानं आधीच भाव सांगितला, आपण ऐकला नाही, तर नंतर भांडण कसलं?

माझी खरी अडचण वेगळी आहे. सिमी, म्हणजे तब्बू, आकाशला चिरडायला गाडी वळवते, शिकाऱ्याचा नेम चुकतो, ससा उडून काचेवर आदळतो, गाडी उलटते, ती मरते. हे सगळं आपण आकाशच्या तोंडून ऐकतो. सांगून झाल्यावर तो रस्त्यातला डबा काठीनं अचूक उडवतो. त्या काठीची मूठ सशाच्या डोक्याची. म्हणजे त्याला दिसतंय. मग त्याची गोष्ट खरी किती? आणि गोष्ट त्याची असेल, तर सुरुवातीचा ससा तरी कोणाचा? ज्या पहिल्या प्रसंगाला आपण कॅमेऱ्यानं पाहिलेलं सत्य समजून विश्वास ठेवला, तोसुद्धा एका स्वार्थी माणसाचा जबाब असू शकतो. सुरुवातीचा ताण उलटा आपल्याकडेच परत येतो.

आमच्याकडे पाप मोजताना तीन खाती असतात: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मनातून होकार दिला. आकाशच्या गोष्टीत पहिली दोन खाती कोरी आहेत. त्यानं मारलं नाही, मारवलं नाही, सशानं केलं. किती सोयीचं! पण तिसऱ्या खात्याचं काय? गाडी उलटली तेव्हा प्रेक्षक म्हणून आपल्याला हायसं वाटलं, हो की नाही? आणि त्याआधी, अगदी पहिल्या प्रसंगात, ससा वाचावा म्हणून श्वास धरताना काळोखात एक गाडी घसरत गेली, आणि आत माणूस असेल हे मनात आलंसुद्धा नाही. दया खोटी नव्हती. पण एकाच बाजूला बघणारी होती, त्या सशाच्या डोळ्यासारखी.

निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' (2005) मध्ये माधव आपटेची रोजची धावपळ सुरुवातीला भरभर तुकड्यांत पुन्हा पुन्हा दाखवली आहे. तिथंही कुणी किंचाळत नाही, रक्त सांडत नाही, तरी हा माणूस आता फुटणार हे कळतं. साध्या गोष्टी कुठल्या क्रमानं, किती वेळ आणि किती झाकून दाखवायच्या, यातच सगळं कसब आहे. कॅमेरा महागडा असायची गरज नाही.

'अंधाधुन' पुन्हा बघाल तेव्हा पहिल्या प्रसंगात पडदा काळा झाला की डोळ्यांवर विसंबू नका, कान द्या. ससा काय, तो दोनदा येतो. त्या गाडीत बसलेल्या बाईचा विचार मात्र आपण पहिल्याच वेळी करायला हवा होता.