मायन्यापाशी थांबलेला हात

मुखेडच्या आमच्या घरी पोस्टकार्ड लिहायला बसलं की आजोबा मायन्यापाशी अडायचे. त्यांचे एक काका वयाने त्यांच्याहून लहान होते. ‘चिरंजीव’ लिहावं तर नातं दुखावतं, ‘तीर्थस्वरूप’ लिहावं तर वय आडवं येतं. मजकूर मनात तयार असायचा, पण काकांकडे कुठून बघायचं हे ठरल्याशिवाय टाक पुढे सरकत नसे.

‘चांगदेव पासष्टी’ वाचताना मला दर वेळी ते कार्ड आठवतं. कथा सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षं जगलेले चांगदेव कोवळ्या ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले. वयाच्या नात्याने आशीर्वाद द्यावा की ज्ञानापुढे नमस्कार लिहावा, हे ठरेना. अखेर त्यांनी कोरा कागद धाडला. मुक्ताबाईंनी त्याची थट्टा केली. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. मला मात्र तो कोरा कागद फार प्रामाणिक वाटतो. ‘मोठा कोण?’ याचं उत्तर वयाकडून पाहिलं तर एक, ज्ञानाकडून पाहिलं तर दुसरं. वाद सुरू होण्याआधीच पाहणाऱ्याच्या जागेने त्याचं गृहीतक ठरवून टाकलेलं असतं.

ज्ञानदेव हा पेच कसा सोडवतात? ते आरंभ करतात श्रीवटेशापासून, म्हणजे वटेश्वर परमात्म्यापासून. तो लपतो तेव्हा जग दाखवतो, प्रगटतो तेव्हा जग गिळून टाकतो. मग चांगदेवांना ते वटेश्वराचा पुत्र म्हणतात, पण कसा? कापराचा रवा जसा कापराचा, तसा. रव्याला कापराहून धाकटं कोण म्हणेल? गंध तोच, शुभ्रपणा तोच. एका उपमेने थोर-धाकटेपणाचं मापच गळून पडतं.

याच ओव्यांत आरसाही येतो. आरसा नसतानाही मुख मुखच असतं. आरसा समोर आला की तेच मुख पाहणारं होतं आणि पाहिलं जाणारंही. चेहऱ्यात भर पडलेली नसते, तरी द्रष्टा, दृश्य आणि दर्शन अशी वाटणी होऊन बसते. देकार्तने 1637 मध्ये विचार करणाऱ्या ‘मी’ला सगळ्या ज्ञानाचा पाया मानलं; ज्ञानदेव त्या ‘मी’च्याही अलीकडे, वाटणी होण्याआधीच्या जागी जाऊन बसतात.

आणि या न्यायातून ते स्वतःला वगळत नाहीत. पाण्याचा ठाव घ्यायला गेलेलं मीठ पाण्यातच विरलं, आता माप घेणार कोण? चांगदेवांना पाहायला निघालेल्या आपलीही तीच गत झाली, असं ते सांगतात. पासष्टीतली ही जागा मला सर्वांत हृद्य वाटते. इथे सिद्धांत मांडणारा स्वतःच सिद्धांतात विरघळतो.

आजोबांचा हात मायन्यापाशी थांबायचा खरा. पण त्याआधी कार्डाच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’ लिहून झालेलं असायचं. तिथे तो कधी अडला नाही.