राष्ट्रीय संग्रह आणि मुंबईचे सभागृह

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचा विचार करताना आरंभ त्याच्या वास्तूपासूनच करावा लागतो. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने रचिलेले सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ मध्ये उभे राहिले ते ऐकण्यासाठी. मैफली, व्याख्याने आणि राजकीय सभा यांसाठी. पाहण्यासाठी त्याची योजनाच नव्हती. १९९६ मध्ये त्याचे संग्रहालय झाले, तेव्हा त्या एका विस्तीर्ण पोकळीतून एकावर एक अर्धवर्तुळाकार दालने आणि मधला जिना काढण्यात आला. परिणामी मोठ्या चित्रापासून दहा पावले मागे सरावे म्हटले तर प्रेक्षकाला अनेकदा कठड्याचा अडसर होतो. घुमटाखालील दालन मात्र प्रसन्न आहे, हे मान्य केले पाहिजे.

दिल्लीतील मूळ संस्था १९५४ मध्ये जयपूर हाउसमध्ये स्थापन झाली, उद्घाटन डॉ. राधाकृष्णन यांनी केले आणि धुरा हर्मान ग्योट्झ या जर्मन कलेतिहासकाराकडे सोपविण्यात आली. अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, नंदलाल बोस, यामिनी राय ही त्या संग्रहाची बलस्थाने. संग्रह म्हणजे नुसता साठा नव्हे, ते एक इतिहासकथनही असते. या कथनात बंगालचे पुनरुज्जीवन, मग शेरगिल, मग १९४७ चा मुंबईतील प्रोग्रेसिव्ह गट असा क्रम रूढ झाला, जे. जे. स्कूलच्या वास्तववादी चित्रकारांच्या वाट्याला, प्रस्तुत लेखकाच्या मते, उपोद्घातापलीकडे फारसे काही आले नाही. पुनरुज्जीवनवाद्यांना ते परकीयांचे अनुकारक वाटले आणि प्रोग्रेसिव्हांना ते जुनाट वाटले.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांचे समग्र दर्शन घडविणारे मोठे प्रदर्शन या संग्रहालयात भरले ते २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७४ वर्षांनी, सुहास बहुळकर यांच्या संयोजनाखाली. स्त्रियांच्या पेहेरावाचे आणि मुंबईच्या रस्त्यांचे त्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे चित्रे एकत्र पाहिल्यावरच उमगते. मूळ चित्रे न पाहता दिलेला अनुकरणाचा शेरा किती उतावळा ठरतो, हेही.

२०१९ च्या फेब्रुवारीत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरले. रिकाम्या अवकाशात पान, शिंपला, घड्याळ अशा वस्तू ठेवून त्यांतील अंतरालाच आशय करणारा हा चित्रकार. त्यांच्या टिपणवह्याही तेथे मांडल्या होत्या; शब्द आणि आकार यांचे नाते शोधणाऱ्या मराठीच्या अभ्यासकास ती पर्वणीच होती. त्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या विसर्जित केल्याचा विषय काढला, तेव्हा त्यांना मध्येच वारंवार टोकण्यात आले. वक्तृत्वासाठीच बांधलेल्या वास्तूत वक्त्याला थांबविले जावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. पण शिष्टाचाराच्या चर्चेत मूळ प्रश्न हरवू नये: कोणाची चित्रे भिंतीवर लागावीत, हे ठरविताना ज्या शहराची परंपरा दाखवायची त्या शहरातील जाणकारांचा शब्द असावा की नाही?

दालनांचा उपयोग मुख्यतः बदलत्या प्रदर्शनांसाठी होत असल्याने आणखी एक हानी होते. काव्याचा विद्यार्थी तेच पान दहा वेळा उघडतो. मिरा-भाईंदरमधील पेणकरपाड्याहून निघून, दहिसरला लोकल धरून चर्चगेटला उतरणारा आमचा विद्यार्थी ‘कोरा कॅनव्हास’ हे बरव्यांचे पुस्तक ग्रंथालयातून पुन्हा पुन्हा नेऊ शकतो; त्या पुस्तकातील विचार ज्या चित्रांतून आला, ती मात्र प्रदर्शन संपताच उतरविली जातात. पुनर्दर्शनावाचून चित्रसमीक्षा ही आठवणींची समीक्षा होऊन बसते. निदान घुमटाखालील दालनाची एक भिंत धुरंधर आणि बरवे यांच्या चार-पाच चित्रांसाठी वर्षभर राखून ठेवावी. तेवढ्याला नवी इमारत लागत नाही.