बोट टोचलं म्हणून साखर उतरली?

घरी ग्लुकोमीटरवर साखर तपासण्याबद्दल कुणी लिहायला घेतलं की झिग्लर आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर येतोच. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या रजिस्ट्रीतली टाइप १ मधुमेहाची २६,७२३ मुलं-मुली, वय १८ पर्यंत. एवढा नमुना बघून आपण तिथेच अर्धे गार! निष्कर्ष असा: रोज एक तपासणी जास्त, तर एचबीए१सी ०.२० ने कमी. पाचच्या पुढे फायदा थांबतो. हा संबंध ठळक दिसला तो बारा वर्षांवरच्या मुलांत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ०.२० खाली पिवळी रेघ मारली होती. आता तिथे प्रश्नचिन्ह आहे.

कारण त्याच पेपरात जास्त तपासणाऱ्यांत साखर फार खाली जाण्याचे प्रसंगही जास्त दिसले. मग तपासल्यामुळे साखर घसरली असं आपण म्हणतो का? नाही. म्हणतो, ज्यांची घसरते तीच मुलं धास्तीने वारंवार तपासत असतील. हाच संशय एचबीए१सीच्या बाबतीत का नको? लेखकांनी इतर घटक हिशेबात धरलेत हे खरं, पण रजिस्ट्रीत जे नोंदलंच नाही ते कसं धरणार? पंधरा वर्षांच्या मुलाची साखर आधीच चढलेली असते, आकडा दिसला की घरात बोलणी बसतात, म्हणून तो मीटर उघडतच नाही. इथे बाण उलटा आहे.

शिवाय 'किती वेळा तपासलं' हे कळतं कुठून? १९८४ मध्ये मॅझे आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना न सांगता मीटरमध्ये मेमरी चिप बसवली. वही आणि चिप जुळेनात. काही आकडे तर न तपासताच लिहिलेले. अशा वहीवरून डॉक्टर इन्सुलिनचा डोस ठरवतात, तेव्हा ही नुसती पद्धतशास्त्राची कुरकुर नाही. कुठलाही असा पेपर हातात आला की आधी बघा: आकडा मीटरमधून आलाय की तोंडी सांगण्यातून?

तपासू नये असं मी म्हणत नाहीये. इन्सुलिन घेणाऱ्याला तपासावं लागतंच. वाद ०.२० च्या अर्थाचा आहे.

आणि एक. जर्मनीत इन्सुलिनवरच्या मुलांच्या स्ट्रिप्सचा खर्च आरोग्यविमा उचलतो, आपल्याकडे बहुतेक घरांत तो खिशातून जातो. सिनॉप्सिसमध्ये 'रोज पाच वेळा तपासावे' अशी शिफारस लिहिणार असाल, तर महिन्याच्या दीडशे स्ट्रिप्सचा हिशेबही त्याच पानावर मांडा.