‘एकच प्याला’ : पहिला प्याला आणि शेवटचे खोटे



मी जयपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. साहित्य हा माझा विषय नाही. तरीही राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर हे टिपण लिहीत आहे. मराठीत व्यसनाचा विषय निघाला की या नाटकाचे नाव हमखास निघते, आणि माझ्या मते आपण त्यातून अर्धाच धडा घेतो.

१. नाटकाची माहिती

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी वारले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांची आहेत.

कथानक थोडक्यात असे. सुधाकर हा हुशार आणि मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, काही काळ सनद जाते. त्या अवस्थेत तळीराम त्याला ‘एकच’ प्याला घ्यायला लावतो. मग पैसा जातो, अब्रू जाते. पत्नी सिंधू माहेरचा पैसा न घेता दळण दळून घर चालवते. शेवटी नशेतल्या मारहाणीत तान्हे मूल मरते आणि सिंधू जबर जखमी होते. मरण्यापूर्वी ती नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटे बोलते. सुधाकर दारूतून विष घेतो.

२. दोष एका प्याल्याचा का?

नाटकाचे नावच एक सिद्धांत मांडते: पहिला प्याला टाळला तर सारे टळते. हा सिद्धांत तपासून पाहू. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे हानिकारक किंवा व्यसनाच्या पातळीवरचे आहे, आणि त्यांतही सुमारे २.९ कोटी लोक पुरते व्यसनाधीन आहेत. म्हणजे प्रत्येक पिणारा सुधाकर होत नाही. पण तिघांमागे एकाहून अधिक जण धोक्यात असतात. एखाद्या यंत्राचा असा हिशेब तुमच्यापुढे ठेवला, तर ते वापरात आणायला तुम्ही मान्यता द्याल का?

गडकऱ्यांची नजर मात्र त्यांच्या शीर्षकापेक्षा तीक्ष्ण आहे. सुधाकर मुळात चैनीसाठी पीत नाही, अपमान विसरण्यासाठी पितो. मध्ये तो दारू सोडतोही. काम मागायला दारोदार जातो, पण दारुडा म्हणून झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा प्रवेश लक्ष देऊन वाचा. व्यसन सोडलेल्या माणसाला परत येण्यासाठी जागा लागते, आणि ती द्यायला कोणी तयार नसते. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ त्याला लगेच जागा देते. त्या मंडळाच्या प्रवेशांना प्रेक्षक पोट धरून हसतो. वसतिगृहात राहणाऱ्यांना तिथले युक्तिवाद ओळखीचे वाटतील.

नाटकाची मर्यादाही इथेच आहे. दारू सोडणे ही त्यात शपथेची आणि मनोबलाची बाब आहे. यासाठी गडकऱ्यांना दोष देता येत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळसुद्धा अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झाली. आज आपण जाणतो की दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भास होणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकते. म्हणून शपथेआधी डॉक्टर हवा. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी उपचार, समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांची सांगड घातली. सुधाकरला यातले काहीच मिळाले नाही.

३. सिंधूचे खोटे

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. सिंधूची खोटी साक्ष हा नाटकाचा कळस मानला जातो. पातिव्रत्याची परिसीमा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक तिथे रडले. पण जरा मागे जा. सिंधू नवऱ्याचे वागणे पहिल्यापासून पोटात घालत आली आहे. ती राबते आणि त्रास लपवते. सुधाकरच्या पिण्याची किंमत ती भरते, म्हणूनच त्याला ती दिसत नाही. तळीरामाची बायको गीता अशी नाही. ती फटकळ आहे, नवऱ्याच्या दारूला दारू म्हणते. तरी आपले अश्रू मात्र सिंधूसाठीच राखीव असतात.

हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वारंवार गैरहजर राहत असे. एका वर्षात त्याने बहिणीच्या लग्नाचे कारण दोनदा दिले. मी हसत विचारले, “बहिणी किती रे तुला?” तो रडू लागला. त्याला बहीणच नव्हती. वडील पिऊन कुठेतरी पडत आणि हा त्यांना शोधून घरी आणत असे. आई वडिलांच्या कार्यालयात ‘ताप आहे’ म्हणून कळवी, आणि महाविद्यालयात काय सांगायचे ते याने ठरवावे, अशी वाटणीच झालेली होती. दोघांनी मिळून वडिलांची नोकरी आणि अब्रू कित्येक वर्षे सांभाळली. त्यामुळे वडिलांना उपचाराची गरजही कित्येक वर्षे वाटली नाही.

त्या दिवशी मला सिंधू आठवली, आणि त्या प्रवेशाला मी टाळ्या दिल्या होत्या तेही आठवले.

४. कायदा आणि घर

जयपूरला हा विषय परका नाही. राजस्थानात संपूर्ण दारूबंदी आणि सक्षम लोकायुक्त या मागण्यांसाठी माजी आमदार गुरुशरण छाबडा यांनी इथे उपोषण केले आणि ३ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी राजसमंद जिल्ह्यातील कछबली गावाने मतदान करून दारूचे दुकान बंद करवले. त्यात स्त्रिया पुढे होत्या. महाराष्ट्रातही ‘आडवी बाटली’च्या मतदानाने अनेक गावांत हे घडले आहे. या स्त्रियांनी सिंधूच्या नेमके उलट केले: घरातली गोष्ट चावडीवर आणली.

दारूबंदीच्या परिणामांवर मतभेद आहेत. वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचे अनुभव एकसारखे नाहीत, आणि चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठलीही. पण दुकान सुरू असो वा बंद, घर गप्प राहिले तर मार चालूच राहतो. सिंधूच्या काळी तिच्यासाठी कायदा नव्हता. आज कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे.

५. समारोप

‘एकच प्याला’ जरूर वाचा. फक्त सिंधूला नमस्कार करून थांबू नका. तिला खोटे का बोलावे लागले, हे विचारा. तुमच्यापैकी कोणी घरी हेच काम करत असेल, तर त्याला माझे सांगणे एवढेच: वडिलांची दारू सुटणे तुमच्या हातात नाही, आणि ती तुमच्यामुळे लागलेलीही नाही. पण कोणा एकाला खरे सांगणे तुमच्या हातात आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी १४४१६ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. ओळखीचा शिक्षकही चालेल. त्याने चुकून चेष्टा केली, तरी त्याला पुन्हा एकदा सांगून पाहा.

विचारासाठी प्रश्न

१. सुधाकरच्या अधःपातात तळीराम, न्यायालयातील अपमान आणि समाजाची वागणूक यांचा वाटा कसा ठरवाल?

२. सिंधू आणि गीता यांची तुलना करा. नाटक कोणाच्या बाजूने आहे आणि तुम्ही कोणाच्या?

३. सिंधूने पोलिसांना खरे सांगितले असते, तर शेवटचा प्रवेश कसा झाला असता? एक पानभर लिहा.